ठरलेल्या खर्चात पहिला डीएसएलआर: नवा प्राथमिक श्रेणीचा घ्यावा की वापरलेला मधल्या श्रेणीचा?

नवशिका

आजवर मी सगळी छायाचित्रे फोनवरच काढली आहेत. उजेड भरपूर असला की फोनबद्दल माझी तक्रार नसते; पण संध्याकाळी घरात धावणारी मुले आणि दूरच्या फांदीवर बसलेला पक्षी या दोन गोष्टी त्याला काही केल्या जमत नाहीत, म्हणून डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचे ठरवले आहे. रक्कम ठरलेली आहे आणि ती वाढण्यातली नाही. तेवढ्यात एक तर प्राथमिक श्रेणीचा नवा कॅमेरा दोन लेन्सच्या संचासह मिळतो, किंवा मधल्या श्रेणीची काही वर्षे वापरलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि सोबत एखाद-दुसरी वापरलेली लेन्स मिळू शकते.

नव्या कॅमेऱ्याला हमी असते, तर जुन्या बॉडीत सुविधा जास्त असतात, एवढेच मला आजवरच्या वाचनातून उमगले आहे. या दोहोंत निवड कशाच्या आधारे करावी, कॅनन आणि निकॉन यांत नवशिक्याच्या दृष्टीने खरोखर काही फरक आहे का, मेगापिक्सेलला किती महत्त्व द्यावे, आणि सगळे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळत असताना आज डीएसएलआरवर पैसे घालणे कितपत शहाणपणाचे आहे, यांवर जाणकारांनी मत द्यावे ही विनंती.

भिंगवाला

तुमच्या प्रश्नात बॉडीबद्दल बरेच काही आहे आणि लेन्सबद्दल जवळजवळ काहीच नाही. मी हा क्रम उलटा करायला सांगेन, कारण तुमची पहिली अडचण, म्हणजे कमी उजेडात हलणारी मुले, बॉडी बदलून फारशी सुटत नाही. ती लेन्सने सुटते.

हिशेबच मांडून पाहू. संचासोबत येणारी १८-५५ मिमी लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). समजा, घरातल्या दिव्यांच्या उजेडात आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ३२०० ठेवूनही तुम्हाला शटरचा वेग १/३० सेकंद मिळतो आहे. या वेगात बसलेले आजोबा नीट येतील, धावणारे मूल मात्र पुसट येणारच. तिथेच एफ/१.८ पर्यंत उघडणारी लेन्स लावली, तर ५.६ भागिले १.८ या संख्येचा वर्ग, म्हणजे साधारण ९.७ पट प्रकाश आत येतो, आणि तेवढ्याच आयएसओवर शटर १/३०० सेकंदापर्यंत नेता येते. इतका फरक एका श्रेणीची बॉडी सोडून वरच्या श्रेणीची घेतल्याने पडत नाही. लेन्समधले कंपनरोधन इथे उपयोगाचे नाही हेही लक्षात घ्यावे, कारण ते तुमच्या हाताची थरथर शोषून घेते, मुलाची धाव नाही. एफ/१.८ ची किंमत एवढीच, की जवळून फोकस केल्यास एक डोळा स्पष्ट आणि दुसरा किंचित धूसर असे घडते, गरजेप्रमाणे एफ/२.५ किंवा एफ/२.८ वर यायला शिकावे लागते.

आता कॅनन की निकॉन. दोन्हींच्या चित्रांत तुम्हाला फरक ओळखू येणार नाही, पण स्वस्त लेन्सच्या बाबतीत फरक आहे आणि तो तुमच्या गरजेशी थेट जोडलेला आहे. या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे दृश्याची चौकट निकॉनमध्ये सुमारे १.५ पटीने आणि कॅननमध्ये सुमारे १.६ पटीने आवळली जाते. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही अतिशय चांगली आणि स्वस्त लेन्स अशा बॉडीवर ८० मिमीसारखी वागते. चेहऱ्यांसाठी ती उत्तम, पण लहान खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी दोन मुले चौकटीत मावत नाहीत. निकॉनने मात्र २००९ मध्ये खास याच सेन्सरसाठी ३५ मिमी एफ/१.८ लेन्स आणली. ती सुमारे ५२ मिमीसारखी वागते, आणि घरातल्या छायाचित्रांसाठी पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून मी डोळे झाकून तिचे नाव घेईन. कॅननमध्ये तेवढ्या खर्चात जवळचा पर्याय २४ मिमी एफ/२.८ हा आहे. चौकट चांगली, पण प्रकाश एफ/१.८ च्या निम्म्याहून कमी.

निकॉन घेणार असाल तर एक खाचखळगा आधीच सांगतो. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) सोडून दिला आणि ईएफ मालिकेत फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्येच बसवली. निकॉनने १९५९ चा एफ माउंट टिकवला. त्यामुळे त्यांच्या अनेक जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते, आणि त्या फिरवणारी मोटर बॉडीत असावी लागते. डी३००० आणि डी५००० या मालिकांमधल्या बॉडींत ती नाही. डी९० आणि डी७००० मालिकेत आहे. वापरलेल्या बाजारात ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स मोहात पाडणाऱ्या किमतीला दिसते, पण डी३५०० वर ती लावली तर फोकस हातानेच करावा लागेल. प्राथमिक श्रेणीची निकॉन बॉडी घेतल्यास लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिपाई

भिंगवाला यांचा हिशेब बिनचूक आहे, पण किट लेन्सला (संचातल्या १८-५५ ला) त्यांनी जरा लवकरच निकालात काढले असे वाटते. ज्याला आपण कोणत्या फोकल लेंग्थवर (लेन्सच्या मिमीच्या आकड्यावर) जास्त रमतो हेच अजून माहीत नाही, त्याने १८-५५ काही महिने वापरावी आणि मग आपल्याच छायाचित्रांच्या नोंदी तपासाव्यात. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ नोंदवलेली असते. बहुतेक चित्रे ३५ च्या आसपास निघाली तर ती प्राइम घ्यावी, १८ वरच निघाली तर प्राइमऐवजी रुंद कोनाच्या लेन्सचा विचार करावा. किट लेन्स वापरलेली घेतली तर जवळजवळ फुकटच पडते.

माझा खरा आक्षेप दोन लेन्सच्या नव्या संचाला आहे. या संचांमधली दुसरी लेन्स अनेकदा कंपनीची सर्वांत स्वस्त टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी लेन्स) असते: कॅननची ७५-३०० किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी, आणि तीही कंपनरोधन नसलेली आवृत्ती. ३०० मिमीवर कंपनरोधनाशिवाय हातात धरून स्थिर चित्र घेणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. खोक्यावर कॅननच्या लेन्सपुढे आयएस किंवा निकॉनच्या लेन्सपुढे व्हीआर लिहिलेले नसेल, तर तो संच स्वस्त नसून एका लेन्सचे पैसे वाया घालवणारा आहे असे समजावे.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात: ए४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायला ३५०८ गुणिले २४८०, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कोणत्याही डीएसएलआरमध्ये याच्या जवळजवळ दुप्पट तरी असतातच. जास्त पिक्सेलांचा उपयोग पक्षी दूर असताना चित्र कापून घेण्यासाठी होतो, त्यामुळे १६ आणि २४ मध्ये निवड असेल तर २४ घ्या. त्यापलीकडे या आकड्याचा विचार सोडून द्यावा.

नव्या प्राथमिक बॉडींत काय काय काढून टाकलेले असते, हेही पाहायला हवे. कॅनन ४०००डी चा लेन्स माउंट धातूचा नसून प्लास्टिकचा आहे, आणि चष्म्याच्या नंबरानुसार व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) जुळवून घेण्याची सोयही त्यात नाही, जी चष्मा लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी खटकते. कॅनन २५०डी सारख्या काही बॉडींच्या फ्लॅशच्या बैठकीत मधली संपर्कपिनच नसते, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटत नाहीत. घरातल्या मुलांसाठी छताकडे वळवता येणारा फ्लॅश हा कधी ना कधी घ्यावासा वाटणारच, म्हणून हे सांगितले.

रानपाखरू

पक्ष्यांपुरते बोलतो. किमान २५० मिमी आणि कंपनरोधन या दोन अटी सोडू नका. कॅननमध्ये ५५-२५० आयएस एसटीएम आणि निकॉनमध्ये ७०-३०० एएफ-पी व्हीआर या वजनाला हलक्या आणि किमतीच्या मानाने फार स्पष्ट चित्र देणाऱ्या लेन्स आहेत. मात्र निकॉनच्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, आणि त्यानंतरच्या काही बॉडींना फर्मवेअर (कॅमेऱ्यातले अंतर्गत सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. जुनी बॉडी घेतल्यास ५५-३०० एएफ-एस व्हीआर हा बिनघोर पर्याय आहे. तिचा फोकस संथ आहे, पण फांदीवर बसलेल्या पक्ष्याला त्याने काही फरक पडत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांचा नाद लागला तर मग ही सगळी चर्चा नव्याने करावी लागेल, आणि रक्कमही तीच राहणार नाही.

जुना शटर

वापरलेली बॉडी घ्यायची झाल्यास ती पाहून, हाताळून आणि स्वतःचे मेमरी कार्ड घालून तपासावी. विक्रेता कार्ड घालू देत नसेल तर तिथेच विषय संपला.

प्रथम शटर किती वेळा चालले आहे ते पाहावे. निकॉन आणि पेंटॅक्स हा आकडा प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवतात, त्यामुळे एक चित्र काढून घरी आणले तरी तो वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो फाइलमध्ये नसतो. त्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर चालवावे लागते. निकॉनने डी३००० मालिकेतल्या अलीकडच्या बॉडींसाठी १ लाख आणि डी७१००, डी७२०० साठी दीड लाख वेळा शटरची चाचणी घेतल्याचे म्हटले आहे. हा आकडा म्हणजे आयुष्याची दोरी नव्हे. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात, काही अर्ध्यावर जातात. तरी ९० हजार वेळा चाललेली आणि १५ हजार वेळा चाललेली बॉडी एकाच किमतीला मागितली जात असेल तर घासाघीस करायला तुमच्याकडे आधार असतो.

त्यानंतर सेन्सर. लेन्स एफ/१६ वर आणून फोकस मुद्दाम बिघडवावा आणि पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. धूसर गोल डाग दिसले तर ती धूळ असते आणि फुंकणीने किंवा सफाईने जाते. पण एखादी बारीक, सरळ, न हलणारी रेघ दिसली तर ओरखड्याचा संशय घ्यावा. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचे एक चित्र घ्यावे. त्यात दोन-चार रंगीत ठिपके दिसणे सामान्य आहे, त्यांचा सडा दिसला तर नाही. शटर १/१००० पेक्षा वेगात चालवून सपाट उजेडातल्या भिंतीची काही चित्रे घ्यावीत आणि चौकटीच्या एका बाजूला काळसर पट्टा तर येत नाही ना ते पाहावे, कारण थकलेले शटर आधी तिथे उघडे पडते.

लेन्सच्या बाबतीत बाहेरचे ओरखडे मला घाबरवत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसतसुद्धा नाही. घाबरायचे ते बुरशीला. लेन्सचे छिद्र लहान-मोठे करणारी पाती पूर्ण उघडी ठेवून मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असो, घेऊ नये, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि सफाईनंतरही तिचा माग राहतो. तशीच विजेरी वापरून पाती कोरडी आहेत ना तेही पाहावे. तेलकट पाती वेळेवर बंद होत नाहीत आणि मग उजेडाचे गणित चुकते.

उरलेल्या गोष्टी हाताने कळतात. प्रत्येक बटण दाबावे, दोन्ही चाके फिरवून आकडे उड्या मारत नाहीत ना ते पाहावे, कार्डाचे दार आणि बॅटरीचे दार नीट बसते का पाहावे, अंगभूत फ्लॅश उघडून पेटवून पाहावा. बॅटरी मूळ कंपनीची असावी, आणि फुगलेली असेल तर ती कॅमेऱ्यात घालूही नये.

एकांडा

चर्चा दोनच कंपन्यांभोवती फिरते आहे म्हणून पेंटॅक्सचे नाव घेतो. त्यांच्या डीएसएलआरमध्ये कंपनरोधन बॉडीतच असते, त्यामुळे १९७५ पासूनच्या के माउंटच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्ससुद्धा स्थिर होतात. शिवाय प्राथमिक श्रेणीतही त्यांच्या अनेक बॉडींना खऱ्या प्रिझमचा व्ह्यूफाइंडर असतो. मात्र वापरलेल्या लेन्सची उपलब्धता कॅनन-निकॉनच्या मानाने बरीच कमी आहे, आणि धावत्या मुलांवर फोकस टिकवून ठेवण्यात त्यांच्या जुन्या बॉडी मागे पडतात. तुमच्या गरजेसाठी मी स्वतःच्या लाडक्या कंपनीचा आग्रह धरणार नाही.

मिररलेसबद्दलचा तुमचा प्रश्न कुणी घेतला नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट आणले आणि २०२० नंतर नव्या डीएसएलआरचा विकास जवळजवळ थांबला. याचा अर्थ असलेले कॅमेरे चित्र काढायचे थांबले असा होत नाही. उलट लोक संच बदलत असल्यामुळेच तुमच्या रकमेत मधल्या श्रेणीची बॉडी बसते आहे. पुढे कधी मिररलेसकडे जायचे झाले तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडींवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या अडॅप्टरला मोटर नाही, म्हणून तिथे एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकससह चालतात, मोटर नसलेल्या जुन्या लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. लेन्स घेताना हे ध्यानात ठेवले की आजचा खर्च पुढेही उपयोगी पडतो.

नवशिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन लेन्सच्या नव्या संचाचा विचार मी सोडून दिला आहे. दरम्यान दोन वापरलेले पर्याय समोर आले आहेत: निकॉन डी७१०० आणि ३५ मिमी एफ/१.८, किंवा कॅनन २००डी, १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८. दोन्हींची एकूण किंमत सारखीच आहे, आणि दोन्हींत टेलिफोटोसाठी थोडी रक्कम उरते. भिंगवाला यांच्या मताप्रमाणे पहिला पर्याय घ्यावा असे वाटते. पण दुकानात डी७१०० हातात घेतल्यावर तो चांगलाच जड वाटला, आणि त्याच्या पडद्यावर पाहून चित्र काढायला गेलो तर फोकस फार रेंगाळत होता. हा दोष त्या विशिष्ट बॉडीत आहे का?

भिंगवाला

दोष नाही, तो त्या रचनेचाच भाग आहे. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकससाठी वेगळी यंत्रणा काम करते, आणि पडद्यावर पाहताना आरसा वर उचललेला असल्यामुळे सेन्सरला पुढे-मागे चाचपडत फोकस शोधावा लागतो. कॅननने २०१३ मध्ये ७०डी पासून सेन्सरवरच वेगवान फोकस करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत आणली. २००डी मध्ये ती आहे, डी७१०० मध्ये तिच्यासारखे काही नाही. उलट व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की चित्र पालटते. डी७१०० मध्ये फोकसचे ५१ बिंदू असून त्यांपैकी मधले १५ आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखणारे आहेत. २००डी मध्ये ९ बिंदू आहेत आणि तसा एकच, अगदी मधला.

म्हणून निवड तुमच्या सवयीवर सोपवावी. फोनसारखा कॅमेरा समोर धरून, पडदा वळवून, जमिनीलगतच्या मुलांची चित्रे काढायची असतील तर २००डी तुम्हाला अधिक सुख देईल, आणि बॅटरीसह साडेचारशे ग्रॅमचा असल्याने तो घरातून बाहेरही अधिक वेळा पडेल. त्या वेळी ५० ऐवजी २४ मिमी देतात का ते मात्र अवश्य विचारा. डोळा लावून काढायची तयारी असेल, आणि पक्ष्यांची ओढ खरोखर असेल, तर ७६५ ग्रॅमचे ओझे पत्करून डी७१०० घ्यावा. मी स्वतः डी७१०० घेईन, पण मी फोनवर छायाचित्रण शिकलेलो नाही.

जुना शटर

डी७१०० ठरला तर एक चाचणी आणखी करा. छापील मजकुराचा कागद टेबलावर ठेवून ३५ मिमी लेन्सने, एफ/१.८ वर, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा आणि चित्र मोठे करून नेमकी तीच ओळ स्पष्ट आली आहे का ते पाहा. मग तेच चित्र पडद्यावरच्या फोकसने घेऊन दोन्हींची तुलना करा, कारण पडद्यावरचा फोकस संथ असला तरी सेन्सरवरूनच ठरतो, म्हणून तो प्रमाण धरता येतो. व्ह्यूफाइंडरचा फोकस दर वेळी सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल तर डी७१०० च्या मेन्यूमध्ये त्या लेन्सपुरती दुरुस्ती करता येते. २००डी मध्ये ती सोय नाही, तिथे बॉडी आणि लेन्स सेवा केंद्रातच न्याव्या लागतात. फोकस कधी पुढे, कधी मागे असा भरकटत असेल तर मेन्यूतली दुरुस्ती कामाची नाही. त्या वेळी दुसरी लेन्स लावून पाहा. तिच्यावरही तसेच झाले तर ती बॉडी दुकानातच ठेवा.